गुप्तरोग आणि गुप्ततेचा रोग

ताप आला की मनुष्य डॉक्टरकडे जातो. दात दुखला तर चार स्नेह्यांस विचारून चांगला दंतवैद्य गाठतो. परंतु जननेंद्रियांच्या विकाराविषयी आमच्या सुशिक्षित नगरवासीयांची रीत अगदी उलट आहे. जो व्यापारी गुंजभर सोनेही काट्यावर चढविल्यावाचून घेत नाही, तोच भिंतीवरील जाहिरात वाचून, आपले नावगाव चोरून, घटकद्रव्यांची नावेही न छापलेली पुडी मागेल त्या किमतीस विकत घेतो! ह्या विसंगतीचे मूळ लाजेत आहे. आणि त्या लाजेचे मोल पुष्कळदा त्याच्याहून त्याची पत्नीच अधिक भरते, हे आज आम्हांस स्पष्टपणे सांगावयाचे आहे.

हा विषय महाराष्ट्रास नवा नाही. प्रो. रघुनाथराव कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक पदरमोड करून चालविले. वाचकांच्या कामविषयक शंकांस उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. तरीही कर्व्यांस दंड भरावा लागला. शंका विचारणारे तेव्हाही होते, आजही आहेत. फरक इतकाच की, शास्त्राजवळ आज उत्तरे कितीतरी अधिक आहेत.

प्रथम पुरुषांविषयी. रक्ताच्या चाळीस थेंबांतून धातूचा एक थेंब होतो ही समजूत शरीरशास्त्राप्रमाणे निराधार आहे, आणि झोपेत होणारा वीर्यपात हा रोग नव्हे. तरी ह्याच धास्तीने कित्येक तरुण खंगतात. डॉ. नरेंद्र विग यांनी १९६० साली ह्या भयग्रस्त अवस्थेस 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. तिचा उपाय भस्मांत नसून योग्य समजुतीत व मनाच्या उपचारांत आहे. प्रौढ वयातील शैथिल्याची गोष्ट मात्र निराळी. त्याच्या बुडाशी पुष्कळदा मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान किंवा मद्यपान असते. इंद्रियास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या बारीक असल्यामुळे हृदयविकाराची सूचना कधीकधी तेथेच काही वर्षे आधी मिळते. गादीवर बैठे काम करणाऱ्या आमच्या दुकानदार बंधूंनी ही सूचना लपवावी, की तीवरून साखर व रक्तदाब तपासून घ्यावा? १९९८ पासून प्रचारात आलेल्या सिल्डेनाफिलच्या गोळ्या गुणकारी आहेत खऱ्या. पण छातीतील कळेसाठी नायट्रेटचे औषध घेणाऱ्यास त्या प्राणघातक ठरू शकतात. 'निव्वळ वनस्पती' म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णांतही हेच द्रव्य चोरून मिसळलेले आढळले आहे. अशा जाहिरातींस १९५४ च्या कायद्याने बंदी केली. पण गिऱ्हाईक लपूनछपून येते तोवर दुकान बंद कसे पडावे?

आता स्त्रियांविषयी. संभोगसमयी होणाऱ्या वेदना तिने मुकाट्याने सोसाव्यात, अशीच आमच्या घरांतून अपेक्षा असते. वास्तविक ह्या वेदनांस कारणे असतात व बहुतेकांस उपायही असतात. रजोनिवृत्तीनंतर येणारा कोरडेपणा साध्या औषधांनी कमी होतो. भीतीने योनीचे स्नायू आपोआप आवळले जात असतील, तर समुपदेशनाने व क्रमाक्रमाच्या व्यायामांनी गुण येतो. बाळंतपणानंतर किंवा काही औषधांमुळे इच्छा मंदावते, तीही डॉक्टरांस सांगण्याजोगी गोष्ट आहे. तिला 'थंड' म्हणून हिणविणे हे निदान नव्हे.

सर्वांत मोठा अन्याय संसर्ग व वंध्यत्व ह्यांच्या बाबतीत होतो. पतीने बाहेरून आणलेला परमा पत्नीच्या ठायी पुष्कळदा काहीच लक्षण न दाखविता गर्भनलिकांस इजा करतो. पुढे मूल झाले नाही की 'वांझ' हा शब्द तिच्याच माथी! मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या दोषाचाही वाटा असतो. तरी तिचे उपास, नवस व शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे चालतात, आणि वीर्याची एक सोपी तपासणी करून घेण्यास पतिराज तयार नसतात. उपदंशाने गर्भ दगावतो. पण तो आरंभीच ओळखला तर पेनिसिलिनच्या एका सुईने बरा होतो. मात्र अशा रोगांत दोघांनीही उपचार घेतले पाहिजेत. एकानेच घेतल्यास रोग पुन्हा उलटतो.

कोणी म्हणतील, असल्या चर्चेने नीती बिघडेल. आम्ही त्यांस विचारतो, इतकी वर्षे मौन पाळून कोणती नीती सुधारली? संयम हा गुण आहे, अज्ञान हा नव्हे. मर्यादा बोलण्याच्या रीतीत असावी. बोलूच नये ही मर्यादा नसून निष्काळजीपणा होय.

आमचे सांगणे थोडके आहे. पतिपत्नींनी आपसांत बोलावे व दोघांनी मिळून सुशिक्षित डॉक्टरकडे जावे. सरकारी रुग्णालयांतही ह्या रोगांची तपासणी व औषधोपचार होतात. डॉक्टरांनी पडदा, वेळ व सभ्य भाषा द्यावी, आणि नीतीचा उपदेश रुग्णावर लादू नये. तोट्याचे खाते चोपडीत लपविल्याने पेढी तरत नाही, हे व्यापाऱ्यास शिकवावे लागत नाही. संसाराच्या पेढीसही तोच नियम लागू आहे.