पडवीतला कुत्रा कोणाचा?

म्हसळ्याकडच्या वाड्यांवर बहुतेक घरांच्या पडवीत एखादा कुत्रा अंग टाकून पडलेला असतो. घरचं उरलंसुरलं खातो, दिवसा वानरांच्या आणि रात्री डुकरांच्या मागे लागतो. त्याला नावही असतं. पण तो कोणाला चावला, की घरमालक हात वर करतो, ‘‘आमचा नाय तो, असाच येतो.’’ लसीचं घोडं इथेच अडतं. लस म्हणजे मुंबईतल्या फ्लॅटमधल्या लॅब्रॅडॉरचे लाड. गावठी कुत्रा काटक, त्याला काय होतंय?

रेबीजपुढे काटकपणा चालत नाही. जगात या रोगाने वर्षाला सुमारे 59 हजार माणसं मरतात असा अंदाज आहे, आणि त्यांतली तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भारतातली. जवळजवळ सगळ्यांना रोग कुत्र्यापासूनच होतो. चावल्यावर लक्षणं दिसायला सहसा एक ते तीन महिने जातात, क्वचित वर्षही. तोवर जखम भरलेली असते, चावा विसरलेला असतो. लक्षणं दिसल्यावर मात्र इलाज नाही. म्हणून जखमेवर मिरची-चुना न लावता ती साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून ऐकू येते. ती लस बंद होऊन वीस वर्षं झाली, आता सुई दंडाला टोचतात. रक्त आलेल्या चाव्याला मात्र लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. ते जवळ मिळालं नाही, तर भेदरलेलं मूल घेऊन घोणसे घाटाने माणगावची वाट धरायची. हा सगळा खटाटोप कुत्र्याच्या एका सुईने टळणारा आहे.

गावातले 70 टक्के कुत्रे लसवंत असले तर रेबीजची साखळी तुटते. आता आमच्याकडचा हिशेब मांडा. पट्टा बांधलेले कुत्रे थोडे, पडवीतले अर्धे-आपले कुत्रे पुष्कळ. नुसत्या पट्टेवाल्यांना टोचून 70चा आकडा कधीच गाठता येणार नाही. गोव्याने हे ओळखलं. तिथे सरकार आणि ‘मिशन रेबीज’ ही संस्था यांनी पाळीव-भटका हा भेद न करता, हाताशी न येणाऱ्यांना जाळ्यात धरून, दरवर्षी लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस दिली. 2018 ते 2020 या तीन वर्षांत गोव्यात रेबीजने एकही माणूस दगावला नाही. कोकणातलीच माती, तसलेच कुत्रे. देशाच्या 2021च्या आराखड्यातही 2030पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवायचं ठरलं आहे.

रेबीजची निदान भीती तरी आहे. पार्व्होचं नावही अनेकांना ठाऊक नसतं. पिल्लू खायचं सोडतं, ओकतं, मग रक्ताची, उग्र वासाची हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत ते जातं. ‘कोणीतरी विष घातलं’ म्हणून शेजाऱ्यावर संशय! दुसरं पिल्लू आणलं की तेही तसंच जातं, कारण हा विषाणू अंगणातल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि साध्या फिनाइलला दाद देत नाही. एक सुई देऊन थांबणंही फसवं. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लसीलाच निष्प्रभ करते, आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून चार महिन्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तसे बूस्टर.

पार्व्होसकट अनेक रोगांवरच्या नाइन-इन-वनसारख्या एकत्रित लसींत लेप्टोचाही, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचाही, भाग असतो. भातखाचरात महिनोन्‌महिने पाणी साचणाऱ्या मुलखात त्याचं मोल अधिक, कारण लेप्टो झालेल्या कुत्र्याच्या मुतातून तो माणसालाही होऊ शकतो. लेप्टोच्या सगळ्या जातींवर ही लस चालत नाही, तेव्हा उंदीर आणि साचलं पाणी यांच्याकडे डोळेझाक करून भागायचं नाही.

अडचण आहे ती लस पोचवण्याची. ती दोन ते आठ अंश तापमानात राहिली पाहिजे. 3 जून 2020च्या निसर्ग वादळानंतर या भागात कित्येक दिवस वीज नव्हती. एरवीही पावसात ती जाते-येते. बंद पडलेल्या फ्रिजमधली कोमट बाटली टोचली तर कागदावर लस होते, कुत्र्यात होत नाही. तेव्हा गुरांच्या डॉक्टरांनी बर्फाच्या पेटीतून लस आणावी आणि वाडीने एकाच सकाळी सगळे कुत्रे दोरीला धरून ठेवावेत, हे सोयीचं. तारीख पाऊस लागण्याआधीची हवी. ग्रामपंचायतीच्या वहीत कुत्रा त्याला भाकरी घालणाऱ्या घराच्या नावावर चढवावा, मग त्याच्या गळ्यात पट्टा असो वा नसो.