म्हातारा राखणदार

गेल्या मे महिन्यातील गोष्ट. रायपुरात नवतपा सुरू होता. तात्यापारा भागात राहणारे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ संध्याकाळी घरी आले. उन्हाविषयी थोडे बोलून झाल्यावर त्यांनी हळू आवाजात विचारले, ‘‘काका, आमचा शेरू आता उठत नाही. जागेवरच घाण करतो. त्याला महादेव घाटाच्या पुढे, खारुण नदीच्या काठी सोडून आलो तर? तिथे सावली आहे, पाणीही आहे.’’

विचारणारा मनुष्य दुष्ट नव्हता. दोन खोल्यांचे घर, अंथरुणाला खिळलेली आई आणि दिवसभराची नोकरी. तेरा वर्षे त्यांनी त्या कुत्र्याला जेवू घातले होते. म्हणून या प्रश्नावर संतापणे मला योग्य वाटले नाही. परंतु उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि ते का, हे समजून घेतले पाहिजे.

नदीकाठी पाणी असते हे खरे. पण ज्याला उठताच येत नाही त्याला दहा पावलांवरचे पाणीही दूरच. शिवाय रस्त्यावरची कुत्री आपापला टापू राखून असतात. घरात वाढलेला, दात झिजलेला परका प्राणी तेथे टिकत नाही. ‘सोडून देणे’ हा शब्द सौम्य आहे, कृती सौम्य नाही. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड मात्र दहा ते पन्नास रुपये! तेव्हा कायद्याच्या भीतीने कोणी थांबेल, असे मानण्यात अर्थ नाही.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराने कुत्र्याला मागे ठेवून स्वर्गाच्या रथात बसण्यास नकार दिला, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, हे पुढे उघड होते. पण नकार देताना युधिष्ठिराला ते माहीत नव्हते. त्याच्यापुढे केवळ सोबत चालत आलेला एक कुत्रा होता. मला त्या कथेतील हाच भाग मोलाचा वाटतो.

म्हाताऱ्या कुत्र्याची शुश्रूषा श्रीमंतांनाच परवडते, असा समज आहे. आमच्या घरचा अनुभव वेगळा आहे. आमच्या मोतीचे मागचे पाय बाराव्या वर्षी लुळे पडू लागले. गुळगुळीत फरशीवर तो घसरून पडे. तेथे गोणपाट अंथरले, तेव्हा तो आणखी काही महिने स्वतःच्या पायांनी हिंडला. पुढे पोटाखालून जुना टॉवेल घालून मागचा भाग उचलून धरला की तो अंगणात लघवीला जात असे. शेवटी तेही थांबले. एकाच कुशीवर पडून राहिलेल्या जनावराच्या कोपरांवर व मांडीच्या हाडावर जखमा होतात, त्यांवर माश्या बसतात, अळ्या पडतात. म्हणून दर तीन-चार तासांनी त्याची कूस बदलावी लागते आणि ओले फडके लगेच काढावे लागते. यात खर्च थोडा, कष्ट मात्र पुष्कळ.

काही चुका तर प्रेमापोटीच होतात. म्हातारा कुत्रा फार पाणी पितो व वारंवार लघवी करतो, म्हणून काही जण त्याचे पाणी कमी करतात. वस्तुतः मूत्रपिंडे थकल्याचे ते लक्षण असू शकते. अशा वेळी पाणी तोडले तर प्रकृती झपाट्याने ढासळते. आपल्याकडे पारा ४४ अंशांवर जातो तेव्हा तर हे फारच घातक, कारण कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून, धापा टाकूनच तो शरीर थंड करतो. अंग गरम लागले म्हणजे ताप आलाच, असेही समजू नये; त्याचे नेहमीचे तापमानच सुमारे ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असते. आणि घरातली अंगदुखीची गोळी तर मुळीच देऊ नये. आयबुप्रोफेनसारख्या औषधाने कुत्र्याच्या जठरात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. औषध पशुवैद्यालाच विचारावे.

या साऱ्यात एक गोष्ट बोलली जात नाही. कुत्रा आणण्याचा हट्ट मुले करतात, फिरायला नेऊन मिरवतात वडील, आणि त्याचे आजारपण मात्र आईच्या वाट्याला येते. आमच्याकडेही प्रारंभी तसेच झाले, हे मला कबूल केले पाहिजे. रात्रीची पाळी मी घेऊ लागलो, तेव्हाच ते काम किती जड आहे हे मला कळले. ज्या घरात एकाच व्यक्तीवर सारे पडते, तेथे ‘सोडून द्या’ हा विचार लवकर येतो.

वेदना थांबतच नसतील, अन्नावरची वासना उडाली असेल, तर पशुवैद्य भूल देऊन त्या जिवाला शांतपणे निरोप देऊ शकतात. तो निर्णय क्रूर आहे असे मी मानणार नाही. मात्र तो त्याच्या वेदनेसाठी घ्यावा, आपली फरशी स्वच्छ राहावी म्हणून नव्हे. या दोहोंतील भेद बाहेरच्याला दिसत नाही, आपल्याला दिसतो.

मी त्या गृहस्थांना हे सर्व सांगितले नाही. मोतीचे गोणपाट माळ्यावर होते, ते काढून दिले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा कूस कशी बदलतात हे विचारायला आला. शेरू पहिल्या पावसापर्यंत जगला. त्यानंतर आठवड्याने तो मुलगा पुन्हा आला, तेव्हा त्याच्या हातात ते गोणपाट होते. धुऊन, वाळवून, नीट घडी घातलेले.