भिंतीएवढे चित्र

मलकापूरहून नांदुऱ्याकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर, ज्याला सहा क्रमांक जाऊन त्रेपन्न क्रमांक मिळाला तरी लोक अजून ‘हायवे सहा’च म्हणतात, वडनेर भोलजीच्या आसपास प्रवाशाच्या दृष्टीस जे फलक पडतात, त्यांवरील पुढाऱ्यांच्या प्रतिमा मनुष्याच्या खऱ्या आकाराहून मोठ्या असतात, आणि त्यांच्या खाली शुभेच्छुकांचे चेहरे, त्यांच्या गावातील वजनाप्रमाणे लहानमोठे होत, ओळीने मांडलेले असतात. हे दृश्य आता महाराष्ट्रात कोठेही दिसते आणि त्याविषयी तक्रार करण्याचा माझा इरादा नाही. मला नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. ज्यांच्याशी आपला संबंध पाच वर्षांतून एकदा यायचा, ते गृहस्थ आठ फूट उंचीचे होऊन चौकात उभे राहतात. आणि ज्या आजीने आपल्याला वाढविले, तिची छबी मोबाइलच्या काचेत, हजारभर इतर छबींच्या खाली, तळहाताएवढ्या जागेत पडून असते. वस्तुतः पुढाऱ्याची प्रतिमा छापणाऱ्या यंत्रास आजीचे वावडे नाही, आणि दोघांनाही चौरस फुटाचा दर एकच पडतो.

मोठ्या चित्रावर सामान्य गृहस्थाचा हक्क पूर्वी नव्हता, हे मात्र खरे. भव्य चित्रे राजवाड्यात आणि देवालयात असत. 1878 साली पुण्यास चित्रशाळा निघाली, 1894 साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि तेव्हा कोठे रंगीत चित्र मध्यम स्थितीतल्या माणसाच्या ओसरीवर येऊन पोहोचले. त्या शिळाछापात प्रत्येक रंगासाठी निराळा दगड तयार करावा लागे व एकाच कागदावर ते सारे रंग एकापाठोपाठ एक अचूक बसवावे लागत. इतक्या खटाटोपानंतर निघालेल्या चित्राच्या हजारो प्रती खपल्याखेरीज धंदा परवडणे शक्य नव्हते, आणि हजारो घरांत ज्यांना सारखाच मान, अशी मंडळी म्हणजे लक्ष्मी, सरस्वती, रामपंचायतन. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात त्यांच्या जोडीला शेगावच्या श्रीगजाननमहाराजांची तसबीर आली. कोणा एका घराची आजी त्या दगडावर रेखाटली जाणे अर्थातच अशक्य होते.

पुढे छायाचित्र आले. परंतु मोठे करून घ्यावयाचे तर अंधाऱ्या खोलीत तेवढाच मोठा ब्रोमाइडचा कागद, तेवढ्याच मोठ्या पसरट थाळ्या आणि अनुभवी कारागिराचा हात, असा तिहेरी खर्च असे. म्हणून घरोघर तो खर्च बहुधा एकदाच आणि एकाच निमित्ताने होई. लग्नातल्या एखाद्या समूहचित्रातून वडिलांचा चेहरा वेगळा काढावयाचा, स्टुडिओवाल्याने त्यांस कोट चढवावयाचा, गालावर थोडा गुलाबी हात फिरवावयाचा, आणि तेरवीच्या आत ती तसबीर हार घालून भिंतीवर लावावयाची. भिंतीवर मोठे व्हावयाचे असेल तर माणसाने आधी मरावे, असाच जणू शिरस्ता होता. जिवंत माणसांच्या वाट्यास पोस्टकार्डाएवढा कागद येई, आणि भिंतीची उरलेली जागा बर्फाच्छादित पर्वतांच्या ‘सीनरी’ने भरली जाई. त्या सीनरीला मी हसत नाही. मे महिन्यात पारा चाळीस-बेचाळीसच्या वर चढतो तेव्हा भिंतीवरच्या बर्फाचाही डोळ्यांस आधार वाटतो. तरीपण उल्कापाताने झालेल्या अठराशे मीटर रुंदीच्या विवरातले लोणारचे सरोवर आपल्याच जिल्ह्यात असताना भिंतीवर स्वित्झर्लंड यावे, ही गोष्ट थोडी खटकते.

आता परिस्थिती पालटली आहे. तालुक्याच्या गावी फ्लेक्सचे दुकान असते. तेथे साध्या फ्लेक्सचा चौरस फुटाचा भाव दोन अंकांच्या पुढे जात नाही, आणि तीन फूट बाय चार फुटांचे चित्र घरच्या एखाद्या वेळच्या किराण्याहून कमी खर्चात होते. घरात मात्र मी फ्लेक्सची शिफारस करणार नाही. त्याच्या शाईचा दर्प काही दिवस जात नाही, खिडकीचा उजेड त्यावर चमकतो, आणि प्लास्टिकच्या त्या कापडाचे खरे स्थान कडब्याच्या गंजीवर किंवा गोठ्याच्या छपरावर आहे, हे आपल्या शेतकऱ्यांनी केव्हाच ओळखले आहे. त्याऐवजी घरांचे व ले-आउटचे नकाशे ज्या प्लॉटरवर निघतात, त्या दुकानात जावे. ए-झिरो मापाचा कागद 841 बाय 1189 मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटर भरतो. त्यावर कृष्णधवल चित्र थोडक्या पैशांत निघते आणि साध्या कागदाच्या निस्तेजपणामुळे त्याला एक प्रकारची शांत शोभा येते. वर आणि खाली लाकडी पट्टी ठोकून, शाळेतल्या नकाशाप्रमाणे दोरीने टांगले की काच नको आणि चौकटही नको. भिंत मातीची असेल तर मागे बोटभर अंतर सोडावे, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात ओल चित्रात शिरते.

चित्र फाटेल, ठिपके दिसतील, अशी भीती दुकानदार घालतात. हिशोब असा आहे की, बारा मेगापिक्सेलच्या छायाचित्राची लांब बाजू चार हजार ठिपक्यांची असते. ती ए-झिरो कागदावर पसरली म्हणजे इंचास पंच्याऐंशी ठिपके येतात. हातात धरून पाहावयास ते कमी; सहा-सात फुटांवरून पाहावयास पुरेसे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत मात्र घेऊन जाऊ नये, कारण ती वाटेतच बारीक झालेली असते. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून मागवावी.

चित्र कोणते निवडावे, हाच खरा कसोटीचा प्रश्न आहे. चार फुटी चेहरा सहसा लावू नये. आपण जेवत असता कोणी इतक्या जवळून एकटक पाहत राहिले तर घास उतरत नाही. त्यापेक्षा आईचे कापूस वेचणारे हात, पोळ्याला शिंगे रंगविलेली बैलजोडी, जुन्या धाब्याच्या घराचा दरवाजा, असे काही असावे. आणि माझी स्वतःची विशेष आवड सांगावयाची तर गावनकाशा. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या अमलाखाली आल्यानंतर येथे जमिनीची जी मोजणी झाली, तेव्हापासून प्रत्येक मौजाची शीव, नाले, पांदणी आणि शेतांचे क्रमांक नकाशावर बांधले गेले. भूमी अभिलेखाच्या कचेरीतून त्याची प्रत मिळते. ती मोठी करून बैठकीत लावली की, चित्राकडे एरवी ढुंकून न पाहणारे वृद्ध गृहस्थ चष्मा पुसून तिच्यापुढे उभे राहतात, आपल्या गटावर बोट ठेवतात, आणि कोणाच्या आजोबांनी कोणास काय विकले, कोणता फेरफार कोणत्या तलाठ्याने कोणाच्या सांगण्यावरून घेतला, बांध कोणत्या पावसाळ्यात कोणीकडे सरकला, याचा तपशील तासभर देऊ शकतात. मात्र ज्या घराचा बांधावरून भाऊबंदांशी दावा चालू असेल, त्यांनी नकाशा आतल्या खोलीत लावावा आणि बैठकीत बैलजोडीच ठेवावी.