पंधरा वर्षांचा हिशेब

गेल्या महिन्यात सुट्टीवर आलेला आमच्या वस्तीतील एक नाईक रविवारी विहारातून परस्पर आमच्या घरी आला. आम्ही पडलो कारकून, त्यात बी.कॉम. रेशनकार्डापासून आयकरापर्यंतचे कागद लोक आमच्याकडे आणतातच. याने पगाराची स्लिप आणली होती. नोकरीला पंधरा वर्षे पूर्ण झाली, वय पस्तीस. "दादा, आता पेन्शन पक्की झाली. घरी येऊ की अजून काढू?"

जवानाला पंधरा वर्षांनी पेन्शनचा हक्क मिळतो, हे खरे. सोलापुरात या शब्दाला वजन आहे. मिलचे भोंगे बंद झाले तेव्हा आमच्या वडीलमंडळींच्या हातात महिन्याला येणारे असे काहीच उरले नव्हते. आणि राज्य सरकारात 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्या आमच्यासारख्यांची जुनी पेन्शनही गेली. फौजेची मात्र राहिली.

पेन्शन म्हटले की आम्हाला रामजी सुभेदार आठवतात. लष्करातून निवृत्त झाल्यावर त्यांनाही पेन्शन होती, पण मुलांची शिक्षणे तेवढ्यात भागणारी नव्हती. त्यांनी पुन्हा नोकरी धरली. 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली, त्यानंतर किती घरांत त्या मनिऑर्डरीवर मुले शिकली!

असो. स्लिप घेऊन बसलो. मूळ पगार 36,000 धरला, त्यात मिलिटरी सर्व्हिस पे 5,200. बेरीज 41,200, निम्मी पेन्शन 20,600, वर महागाई भत्ता. तो म्हणाला, निम्मी विकून घर बांधतो. फौजेत निम्म्यापर्यंत विकता येते. 10,300 विकले तर हाती सव्वाअकरा लाखांच्या आसपास येतात. पण कपात चालते पंधरा वर्षे, म्हणजे एकूण 18 लाख 54 हजार. भत्ता पूर्ण पेन्शनवर मिळतो हे खरे, तरी हे एक प्रकारचे कर्जच, वाचकहो. विकलेली पेन्शन पुन्हा पुरी होईल ती त्याच्या पन्नाशीत.

आणखी सात वर्षे काढली, तर नुसत्या तीन टक्के वाढीने पेन्शन 24,700 पर्यंत जाते. बढती मिळाली तर जास्त, ग्रॅच्युइटीही वाढते. उलट बाजूला माजी सैनिकांच्या राखीव जागा. केंद्रात गट क मध्ये दहा टक्के आहेत, वयातून नोकरीची वर्षे व वर तीन वजा होतात आणि पगारासोबत पेन्शनही चालू राहते. पण जागा निघायला हव्यात, परीक्षा पास व्हायला हवी. पेन्शनर झाला म्हणून कुणी बोलावून नोकरी देत नाही. ईसीएचएसचा दवाखाना दोन्हीकडे मिळतोच. कँटीनचे आम्ही हिशेबात धरले नाही. ते शेजाऱ्यांना जास्त आठवते.

त्याचा धाकटा भाऊ दारात उभा राहून ऐकत होता. तो अग्निवीरसाठी पहाटे धावतो. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या त्या योजनेत चार वर्षांनी व्याजासह सुमारे 11 लाख 71 हजार मिळतात. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुले पुढे कायम होतात. त्याला आम्ही एवढेच म्हणालो, धावायचे तर धाव, पण बी.ए.चा फॉर्म आधी भर. त्याला ते आवडलेले दिसले नाही.

एवढा वेळ गप्प बसलेल्या वहिनी मग बोलल्या. सासूबाई विड्या वळता वळता थकल्यात, त्यांच्याजवळ कोणीतरी हवे, हे त्यांनाही मान्य होते. "पण भाऊजी, पेन्शन पुरी होईल तेव्हा आमची पोरगी बावीस वर्षांची असेल. तिचं कॉलेज त्याच्या आधी येतं. ते कुठं मांडलंत?"

आमच्या कागदावर तो रकानाच नव्हता. नाईकाने कागद उलटा केला आणि पेन वहिनींच्या हातात दिले. डिस्चार्जचा अर्ज त्याने अजून लिहिलेला नाही. सुट्टी संपली, तो युनिटला गेला. घराचा नकाशा मात्र आमच्याकडेच राहिला आहे.