रस्ता वर, उंबरठा खाली

अमरावती आणि अकोला या दोन्ही महानगरपालिकांतील लोकप्रतिनिधींची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या आणि दोन्ही शहरांना पुन्हा नगरसेवक मिळाले. प्रभागात काय काम केले, या प्रश्नाला नगरसेवकांचे ठरलेले उत्तर असते: रस्ते केले. ते पुष्कळदा खरेही असते. परंतु तो नवा रस्ता आपल्या फाटकाशी येऊन कसा संपतो, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. रस्ता आणि फाटक यांच्यामध्ये राहून जाणाऱ्या चार बोटांच्या, कधी वीतभर उंचीच्या पायरीविषयी आज आम्ही लिहीत आहोत.

विषय क्षुल्लक वाटेल. पण वाचकहो, आपल्या वऱ्हाडातच रस्तेबांधणीचा एक जागतिक विक्रम झाला आहे. जून २०२२ मध्ये अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वर ७५ किलोमीटर लांबीची सलग डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाली आणि गिनीज बुकात तिची नोंद झाली. त्यासाठी सुमारे ७२० माणसे रात्रंदिवस राबली. त्यांचे कौतुक व्हायलाच हवे. जिथे एवढे कौशल्य आहे, तिथे गल्लीतील घरासमोरचा हातभर कडेचा भाग नीट का होऊ नये? यंत्रांची किंवा ज्ञानाची उणीव हे त्याचे कारण नव्हे. ती कड कोणाच्याच कामात मोडत नाही, हे त्याचे खरे कारण होय.

पायरी निर्माण कशी होते, हे आधी पाहू. जुना रस्ता उखडून त्याच पातळीवर नवा करणे खर्चाचे आणि कटकटीचे असते. म्हणून बहुधा जुन्यावरच नवे घातले जाते. खडीकरणाचा एक थर दबून ७५ मिलिमीटरचा होतो, त्यावर २० मिलिमीटरचे डांबरी कारपेट येते. म्हणजे एका खेपेला रस्ता जवळजवळ १० सेंटिमीटरने वर येतो. काँक्रीटचा रस्ता जुन्या डांबरावरच ओतला, तर ही वाढ १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत जाते. वीस-पंचवीस वर्षांत अशा दोन-तीन खेपा झाल्या की, ज्या घराचा ओटा एके काळी रस्त्यापासून दोन पायऱ्या उंच होता, त्याच्या अंगणात आता रस्त्यावरून खाली उतरावे लागते. घर होते तिथेच असते. रस्ता तेवढा वर चढलेला असतो.

यावर आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पाणी वाहून जावे म्हणून रस्ता मधोमध उंच आणि दोन्ही कडांना उतरता ठेवतात. सहा मीटर रुंदीच्या रस्त्याला शेकडा दोनचा उतार दिला, तर मध्यापेक्षा कड सहा सेंटिमीटर खाली येते. हे पाणी नालीत जावे, अशी ही योजना आहे. पण नालीचा काठ जुन्या मापाचा आणि रस्ता नव्या मापाचा असला, किंवा नालीच बुजलेली असली, तर ते पाणी मिळेल त्या सखल जागेकडे धावते. ती सखल जागा म्हणजे बहुधा कोणाचे तरी अंगण असते. जुलै २०२१ मध्ये अकोल्यात एका दिवसात सुमारे २०० मिलिमीटर पाऊस झाला आणि मोर्णेच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तो पूर रस्त्यांमुळे आला, असे आम्ही म्हणत नाही. पण एवढा पाऊस पडणाऱ्या शहरात बोटभर उंचीचाही हिशेब ठेवावा लागतो, एवढे त्यावरून निश्चित समजते.

रस्त्याच्या कामाचे मोजमाप लांबी, रुंदी आणि जाडी यांवर होते. मोजमाप पुस्तिकेत तेवढेच आकडे चढतात आणि देयकही त्यांवरच निघते. फाटकासमोरचा उतार अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून धरलेला नसेल, तर कंत्राटदाराला त्याचे पैसे मिळत नाहीत. आणि ज्याचे पैसे नाहीत ते काम तो करीत नाही. यात एकट्या कंत्राटदाराला दोष देणे न्यायाचे होणार नाही. जे काम कागदावर लिहिलेच नाही, ते जमिनीवर कसे उतरणार?

मग घरमालक आपापल्या परीने मार्ग काढतो. कोणी सिमेंटचा उतार थेट रस्त्यावर ओढून घेतो. कोणी नालीवर फरशी टाकून ती कायमची बंद करतो. ज्याची ऐपत आहे, तो संपूर्ण अंगणात मुरूम भरून ते उंच करतो. प्रत्येकाचा उपाय त्याच्या घरापुरता बरोबर असतो. गल्लीच्या दृष्टीने मात्र तो घातक ठरतो. उंच अंगणातून हटलेले पाणी शेजारच्या अंगणात जाते. शेवटी ते ज्याच्या घरात शिरते, तो बहुधा भाडेकरू असतो, विधवा असते, किंवा भराव घालण्याइतका पैसा नसलेला मजूर असतो. न विचारता, न ठरवता आपण आपल्या अडचणीचे ओझे सर्वांत दुबळ्या शेजाऱ्याच्या दारात नेऊन टाकतो. या प्रश्नाचे खरे गांभीर्य येथे आहे.

वृद्धांच्या आणि अपंगांच्या बाबतीत तर ही पायरी भिंतच ठरते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये झाला. सार्वजनिक रस्ते सर्वांना वापरता आले पाहिजेत, हे त्यामागील तत्त्व आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा असावा, असे मानक आहे. त्या हिशेबाने १५ सेंटिमीटर उंचीची पायरी ओलांडायला १८० सेंटिमीटर लांबीचा उतार लागतो. अरुंद गल्लीत एवढी जागा आणणार कोठून? म्हणून ती उंची मुळात वाढू न देणे हाच खरा उपाय आहे.

तरीही ज्यांच्या दारात पायरी आधीच झाली आहे, त्यांनी काय करावे? नव्या डांबरावर सिमेंटचा पातळ थर पसरण्याचा मोह टाळावा. कडेला निमुळता होत गेलेला असा थर गाडीच्या चाकाखाली लवकर तडकतो. त्यापेक्षा रस्त्याची वेडीवाकडी कड सरळ रेषेत कापून घ्यावी आणि आपल्या बाजूची दीड-दोन फुटांची पट्टी खणावी. आपल्याकडील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट टिकत नाही. ती काढून मुरूम आणि गिट्टी भरावी, पाणी मारून नीट ठोकावी आणि मग चार-पाच इंचांचे काँक्रीट घालावे. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा दिवसांत काँक्रीटवर निदान सात दिवस ओले पोते ठेवले नाही, तर सारा खर्च वाया जातो. डांबर आणि काँक्रीट यांमधील फट डांबराने भरावी. नाली बुजवू नये. तिच्यावर काढता येईल अशी लोखंडी जाळी बसवावी. रस्ता महानगरपालिकेच्या मालकीचा आहे, म्हणून उतार त्याच्या अंगावर जाणार असेल तर आधी विभागीय कार्यालयात विचारावे. आणि काम एकेकट्याने न करता गल्लीतील पाच-दहा घरांनी एकत्र, एकाच पातळीने करून घेतले, तर ते स्वस्तही पडते आणि पाण्याची वाटही अडत नाही.

परंतु हा झाला रोगानंतरचा औषधोपचार. पथ्य वेगळे आहे. तामिळनाडूच्या मुख्य सचिवांनी मे २०२१ मध्ये असे निर्देश दिले की, नवा थर घालण्यापूर्वी तेवढ्याच जाडीचा जुना थर यंत्राने खरवडून काढावा, म्हणजे रस्त्याची उंची वाढणार नाही आणि घरांत पाणी शिरणार नाही. खरवडलेले डांबरमिश्रित साहित्य पुन्हा वापरताही येते. आपल्या दोन्ही शहरांतील नव्या सभागृहांना असा ठराव करण्यास कोणती अडचण आहे? त्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी सहज शक्य आहेत. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक घराच्या ओट्याची आणि नालीच्या काठाची पातळी नोंदवावी. फाटकासमोरचा उतार अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब म्हणून धरावा. आणि दोष दायित्व कालावधीत खड्ड्यांबरोबर कडेच्या तक्रारीही कंत्राटदाराने दूर कराव्यात, अशी अट करारात घालावी. नागरिकांनीही रस्ता झाल्यावर हळहळण्याऐवजी रोलर गल्लीत उभा असतानाच कनिष्ठ अभियंत्याला दारात बोलावून कड दाखवावी. त्या वेळी अर्ध्या तासात होणारे काम पुढे अर्जांच्या फेऱ्यांत वर्षभर अडकते.

संत गाडगेबाबांचा जन्म याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. गावात आल्यावर ते आधी हाती खराटा घेऊन रस्ता झाडीत आणि रात्री कीर्तनाला उभे राहत. झाडताना कोणते घर कोणाचे, हे त्यांनी पाहिले नाही. त्यांच्या नावाने राज्य शासनाने स्वच्छता अभियान चालविले, अमरावतीच्या विद्यापीठालाही त्यांचेच नाव आहे. त्या नावाचा मान राखायचा असेल, तर आपल्या दारातला उतार करताना शेजारच्या दारातले पाणी कोठे जाईल, हे पाहणे हे आपले पहिले कर्तव्य ठरते. आणि रस्त्याचे अंतिम देयक मंजूर करण्यापूर्वी त्या रस्त्यावरून एखाद्या आजीला हात न देता आपल्या घरात जाता येते की नाही, हे एकदा उभे राहून पाहणे हे लोकप्रतिनिधींचे कर्तव्य आहे.