तीन ठिपक्यांचा कोयता



गेल्या हंगामात खोडव्याचे बुडखे छाटायला म्हणून मी आठवडा बाजारातून दोन कोयते आणले. मुठीच्या कड्याशेजारी पात्यावर ओळीने तीन ठिपके मारलेले होते. आपल्या भागात तीन ठिपके म्हटले की भाता कोणाचा, हे विचारावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकाची धार वळली, दुसऱ्याला दाते पडले. तसाच तडक लोहारमामांच्या दारात गेलो. त्यांनी कोयता ऐरणीवर हलकेच आपटला, आवाज ऐकला आणि म्हणाले, "ह्यो माझा न्हवं. कमानपाट्याचं पोलाद न्हाई, आन् ह्याला पाणीबी धड दिलेलं न्हाई." मग भात्याकडे वळता वळता म्हणाले, "ठिपकं काय हो, कुणीबी मारंल."

हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. ठिपके खरोखरच कुणीही मारावेत का? वकिली करणाऱ्या पुतण्याला विचारलं, तर त्याने अमेरिकेतल्या एका चाकूची हकिगत सांगितली. मग मीही त्यावर थोडंफार वाचलं. ती हकिगत ऐकण्यासारखी आहे.

कोलोरॅडो राज्यात गोल्डन नावाचं गाव आहे. तिथल्या स्पायडर्को कंपनीने १९८१ साली घडीचा एक चाकू बाजारात आणला. कंपनी काढणाऱ्या सॅल ग्लेसर यांनी त्याच्या पात्यालाच एक गोल भोक ठेवलं. त्यात अंगठा टेकवून पातं पुढे ढकललं की चाकू एका हाताने उघडतो, उजव्या तसा डाव्याही. दुसऱ्या हातात दोरी असो, पोतं असो, ते सोडावं लागत नाही. युक्ती साधी, पण आधी सुचली त्यांना. त्यांनी तिचं पेटंट घेतलं. त्या काळी तिकडे पेटंट मंजुरीपासून १७ वर्षं चाले. ती मुदत सरून गेली आणि एका हाताने चाकू उघडण्याची ती युक्ती सगळ्यांना मोकळी झाली.

पण कंपनीने दुसरा दावाही धरून ठेवला होता. गोल भोक हे नुसतं चाकू उघडायचं साधन नाही, ती आमची निशाणी आहे, आमचा ट्रेडमार्क आहे. ट्रेडमार्कची गंमत अशी की नूतनीकरण करत राहिलं तर तो कधी संपतच नाही. आपल्याकडेही दर १० वर्षांनी फी भरायची की चालू.

इथे माझं मन थोडं अडलं. जी गोष्ट काम करते, ती एकाने कायमची कुलपात ठेवावी काय? उद्या कोणी म्हणेल, नांगराच्या फाळाचा कोन माझा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टासमोर २००१ साली असाच एक वाद आला होता. वाऱ्याने आडवे पडू नयेत म्हणून रस्त्यावरच्या फलकांना खाली दोन स्प्रिंगा बसवलेल्या होत्या. त्यांचं पेटंट संपल्यावर कंपनी म्हणाली, स्प्रिंगा ही आमची ओळख आहे. कोर्टाने ते मानलं नाही. ज्या भागाचं पेटंट होतं तो भाग कामाचा आहे याचा पेटंट हाच मोठा पुरावा, असं कोर्टाचं म्हणणं. मला ते पटतं. आपल्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातही हेच आहे. तांत्रिक काम साधण्यासाठी जो आकार लागतोच, तो ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येत नाही.

मग गोल भोकाचं काय? याचं उत्तर त्या कंपनीच्याच दुकानात आहे. त्यांची ‘बर्ड’ नावाची स्वस्त चाकूंची मालिका आहे, ती चीनमध्ये तयार होते. तिच्या पात्याला गोल नाही, धूमकेतूच्या आकाराचं भोक असतं, आणि तेही चाकू एका हाताने उघडतात. म्हणजे भोक कामाचं, पण ते गोलच हवं असं नाही. मग दुसरे आकार मोकळे असताना कोणी नेमकं तसंच गोल भोक पाडतो, पात्याचा तोच बाक ठेवतो, वर कंपनीच्या कोळ्याचं चित्रही उमटवतो, तेव्हा त्याला युक्ती नको असते, दुसऱ्याचं नाव हवं असतं. असे नकली चाकू बाजारात बरेच फिरतात. कोळी उमटवणारा सरळ चोर. नुसतं गोल भोक पाडणाऱ्याबाबत मात्र दोन मतं होऊ शकतात, हे मी कबूल करतो.

आता लोहारमामांकडे येऊ. कोयत्याचा बाक कोणाच्या बापाचा नाही, तो ऊस तोडायला लागतोच. पण ठिपके ऊस तोडत नाहीत. ते फक्त एवढंच सांगतात की हे पातं कोणी तापवलं, कोणी पाणी दिलं, आणि बिघडलं तर कोणाच्या दारात जायचं. तेवढं तरी ज्याचं त्याचं राहिलं पाहिजे.

कोणी म्हणतील, नकली का होईना, गरिबाला स्वस्त मिळतो ना! मग बिनठिपक्याचा विका की, आमची ना नाही. तोडणी मजुराला टनावर पैसे मिळतात. भर फडात धार वळली तर तोटा त्याच्या घामाचा होतो, विकणाऱ्याचा नाही.

आणि गप्प बसलं तर काय होतं, त्याला फ्रान्समधल्या लागिओल गावाचा दाखला आहे. बाकदार मुठीचा, स्प्रिंगवर मधमाशी कोरलेला घडीचा चाकू तिथे १९व्या शतकापासून होतो. गावाने नाव वेळेवर राखलं नाही. १९९३ साली बाहेरच्या एका माणसाने ते नाव स्वतःसाठी नोंदवलं आणि परदेशी मालही त्या नावाने विकला जाऊ लागला. २०१२ साली गावकऱ्यांनी निषेध म्हणून वेशीवरची गावाच्या नावाची पाटीच उतरवली. गावाचं नाव गावालाच वापरायची अडचण! कोर्टकचेऱ्या होत होत २०१९ साली पॅरिसच्या अपील कोर्टात गावाला बराच न्याय मिळाला, तोवर २६ वर्षं गेली होती. कोल्हापुरी गुळाच्या नावाने कुठला कुठला गूळ खपतो ते आपल्याला ठाऊकच आहे. त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आधी नाव पिकवणारी माणसं वेगळी आणि खाणारी वेगळी, असंच चाललं होतं.

मामांना मी नोंदणीचं सांगितलं. एकट्या कारागिराला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी ४,५०० रुपये. ते हसले. "एवढ्यात किती कोयतं हुत्याल, म्हाइतीय का?" त्यांचंही खरं आहे. पण आपला कायदा न नोंदवलेल्या निशाणीलाही अगदी वाऱ्यावर सोडत नाही. आपण ती आधीपासून वापरतो आणि लोक ती आपली म्हणून ओळखतात, एवढं शाबीत करता आलं तर नकलाकाराला कोर्टात खेचता येतं. अडचण शाबीत करण्याची आहे. मामांकडे ना पावतीपुस्तक, ना हिशेबाची वही.

म्हणून दोन गोष्टी मांडतो. पहिली, आपल्या ग्राहक भांडारात येणारे ठिपक्यांचे कोयते थेट मामांकडूनच घ्यावेत. संचालक मंडळाने हे मनावर घ्यावं. दुसरी गोष्ट तुमच्याकडे. माळ्यावर, गोठ्याच्या आढ्याला, कुठे तरी आजा-वडिलांच्या वेळचा तीन ठिपक्यांचा कोयता खोचलेला असेल. तो घेऊन या, कधी घेतला ते आठवेल तेवढं सांगा, पुतण्या लिहून घेईल. मामांच्या वडिलांच्या हातची एखादी चिठ्ठी सापडली तर फारच उत्तम. अर्जाची फी आम्ही चौघा-पाच जणांनी वाटून घेतली आहे. येत्या गुरुवारी दुपारपर्यंत मी गट ऑफिसात बसतो. कोयता परत मिळेल, आणि मामा तो शेवटूनही देणार आहेत.

— एक ऊस उत्पादक सभासद