पुस्तकवाल्या अण्णांची वही आणि गावचं कपाट

शेतकरी बंधूंनो, रब्बीच्या पाणीपाळ्या चालू असताना मी पुस्तकांचा विषय काढला म्हणजे तुम्ही म्हणाल, साहेबांना दुसरं काम उरलेलं दिसत नाही. पण विषय तुमच्याच गावच्या पैशाचा आहे, म्हणून दहा मिनिटं द्या.

आमच्या तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोर पुस्तकांचं एक दुकान आहे. दुकान कसलं, आठ फुटांचा गाळा. पुढे वह्या, कंपास, पंचांग, पोलीस भरतीची गाइडं. आत दोन फळ्या वाचायच्या पुस्तकांच्या. मालकांनी साठी ओलांडली आहे. लहानथोर सगळे त्यांना अण्णा म्हणतात. वर्षभरात स्वतः वाचलेल्यापैकी जे मनात घर करून राहिलं, ते अण्णा डिसेंबरात एका वहीत उतरवतात. त्यात नवं-जुनं असा भेद नसतो. यंदा वहीत पाच नावं आहेत.

पहिलं नाव जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'चं. पुस्तक १८८३ सालचं. मी कृषी पदविका घेतलेला माणूस, पण खरं सांगतो, अण्णांनी हातात देईपर्यंत मी ते वाचलं नव्हतं. पावसाचं पाणी शेतात मुरावं आणि उरलेलंच ओढ्यानाल्यात जावं, अशा बेतानं ताली, बंधारे घाला. पलटणीतली आणि पोलिसांतली रिकामी माणसं या कामाला लावा. जनावरांची पैदास सुधारा. शेतीची प्रदर्शनं भरवून बक्षिसं द्या, असं सगळं त्यात मांडलेलं आहे. आज आम्ही पाणलोट, मृद्संधारण अशी जड नावं घेऊन गावोगाव बैठका घेतो. ते काम एका माणसानं एवढ्या वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे. वाचताना माझा मलाच थोडा संकोच वाटला.

दुसरी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ ची. धनगरांच्या वाडीवर आलेला कोवळा मास्तर शाळेबरोबर लोकांची पत्रं, भांडणं, अडीनडी सगळं अंगावर घेतो. गावाला लावून तालीम बांधतो, आणि पुढे दुष्काळात वाडीच उठते. गावात नोकरी करणाऱ्या प्रत्येकानं, आमच्यासकट, हे पुस्तक वाचावं. बैठकीला लोक का येत नाहीत म्हणून आपण चिडतो ना, ती चीड निम्मी होते.

तिसरं सदानंद देशमुखांचं 'बारोमास'. २००४ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. विदर्भातल्या शेतकरी घरातला शिकलेला मुलगा, नोकरीसाठी संस्थेला द्यायला पैसा नाही आणि शेती घर चालवू देत नाही, अशी ती कथा. हे पुस्तक अण्णांनी एका पदवीधर पोराला उधारीवर दिलं होतं. पंधरा दिवसांनी पैसे द्यायला बाप आला. म्हणाला, "पोरगं रातच्याला मोठ्यानं वाचून दाखवायचं. निम्म्यात थांबलं. म्होरलं मीच वाचलं." एवढं बोलून निघून गेला. नोकरीसाठी एकरभर रान विकायचं त्या घरात घाटत होतं, हे अण्णांना मागाहून कळलं.

चौथं रा. रं. बोराड्यांचं 'पाचोळा'. शिंप्याच्या घरची ही गोष्ट घरधनीण आपल्या बोलीत सांगते. आमच्या घरात ती मंडळींनी माझ्या आधी वाचून संपवली.

पाचव्यावर मात्र माझं आणि अण्णांचं वाजलं. जपानचे मासानोबू फुकुओका हे पिकांच्या रोगांचे जाणकार. सरकारी नोकरी सोडून बापाच्या शेतावर गेले आणि नांगरट, रासायनिक खत, फवारणी यांवाचून भात आणि सातू पिकवू लागले. काढणीनंतरचं काड परत रानावर पसरायचं, हे त्यांचं मुख्य सूत्र. अण्णा म्हणतात, हेच खरं. मी म्हणतो, अण्णा, तिथं पाऊस भरपूर. आपल्याकडं कडबा रानात पसरला तर दावणीला काय घालायचं? तरी पुस्तक वाचाच. उसाचं पाचट पेटवायला काडी ओढाल तेव्हा ते आठवेल, आणि पाचटाच्या बाबतीत मी फुकुओकांच्या बाजूचा आहे.

आता गावच्या कपाटाकडे येऊ. आपल्याकडे सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे, गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान आहे. पण पुस्तकं निवडतो कोण? मागे एका गावी बैठक ग्रंथालयाच्या खोलीत होती. कपाटात पुस्तकांचे गठ्ठे सुतळी न सोडता ठेवलेले. वरच्या गठ्ठ्यात एकाच पुस्तकाच्या सहा प्रती. मी विचारलं तर ग्रंथपाल म्हणाले, "साहेब, जास्त कमिशन देईल त्याचा गठ्ठा येतो. तपासणीला पुस्तकं मोजतात, वाचली का ते कोण विचारतंय?" त्यांचा पगार तो केवढा, त्यांना काय बोलणार! पण खत घेताना आपण पोत्यावरचं लेबल वाचतो, बियाण्याची पावती जपून ठेवतो, आणि पोरांच्या पुढ्यात ठेवायची पुस्तकं मात्र वजनावर घेतो, हे मला पटत नाही.

आपल्याच सातारा जिल्ह्यातलं भिलार ४ मे २०१७ पासून पुस्तकांचं गाव झालं. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्यांनी राहत्या घरांतून पुस्तकांना जागा दिली. तेवढं सगळ्यांना जमणार नाही. पण डीएपीच्या एका पोत्याच्या पैशात तीन-चार पुस्तकं येतात. सरपंच आणि ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब यांनी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. वाचणारी दोन पोरं, एक शिक्षक आणि एक बचत गटाची ताई अशी चार माणसं नेमावीत, आणि दुकानात जाऊन पुस्तकं चाळून आणायचं काम त्यांच्यावर सोपवावं. बिल रीतसर मिळतं. अण्णांची यादी माझ्याकडं आहे, सोमवारी पंचायत समितीत या, उतरवून घ्या. फुकुओकांच्या पुढे मी माझा शेरा मारून ठेवला आहे, तोही वाचा.